सिझेरियननंतरचे बाळंतपण : गर्भाशयाची ठेवण आणि जुन्या कागदाचे मोल



पहिले मूल शस्त्रक्रियेने झाले, आता दुसऱ्या वेळी काय होणार, हा प्रश्न आज महाराष्ट्रातील असंख्य घरांत विचारला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार राज्यात दर १०० बाळंतपणांपैकी सुमारे २५ सिझेरियन शस्त्रक्रियेने झाली. २०१५-१६ च्या फेरीत हे प्रमाण सुमारे २० होते. म्हणजे बाळंत होणाऱ्या चार स्त्रियांपैकी एकीच्या गर्भाशयावर शस्त्रक्रियेचा व्रण राहतो आणि पुढील गरोदरपणात तो व्रण विचारात घ्यावा लागतो.

या स्त्रियांमध्ये काही जणी अशा असतात की, ज्यांच्या गर्भाशयाची ठेवणच जन्मतः निराळी असते. त्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. अशा वेळी घरातून दोन प्रकारची मते ऐकू येतात. एक मत असे की, एकदा सिझर झाले की प्रत्येक वेळी सिझरच. दुसरे मत असे की, वाट एकदा मोकळी झाली आहे, आता दुसरे बाळंतपण आपोआप होईल, दवाखान्याची घाई कशाला? यांपैकी पहिले मत अर्धसत्य आहे, तर दुसरे मत जिवावर बेतू शकणारे आहे. खरा निर्णय या दोन मतांच्या मधे, त्या स्त्रीची सविस्तर माहिती पाहूनच करावयाचा असतो. ती माहिती बहुधा एका कागदावर असते, आणि आजच्या विवेचनाचा रोख त्या कागदाकडेच आहे.

गर्भाशयाची जन्मजात ठेवण

मुलगी आईच्या पोटात असतानाच तिचे गर्भाशय तयार होते. आरंभी दोन बाजूंना दोन नलिका असतात. जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात. या दोन नलिका खालच्या बाजूने एकमेकींना जुळतात आणि मग त्यांच्यामधील पडदा हळूहळू विरून जातो. अशा रीतीने दोहोंचे मिळून एक पोकळ, उलट्या पेरूच्या आकाराचे गर्भाशय बनते.

या घडणीत कोठे खंड पडला तर आकार बदलतो. नलिका जुळल्या, परंतु मधला पडदा विरला नाही, तर बाहेरून एकसंध दिसणाऱ्या गर्भाशयाच्या आत पडदा राहतो. नलिका वरच्या भागात जुळल्या नाहीत, तर दोन शिंगांसारखे द्विशृंगी गर्भाशय होते. मुळीच जुळल्या नाहीत, तर दोन स्वतंत्र गर्भाशये राहतात. एकाच बाजूची नलिका पूर्ण वाढली, तर एकशृंगी गर्भाशय तयार होते, आणि दुसऱ्या बाजूला कधीकधी अर्धवट वाढलेले छोटे शिंग उरते. जगभरातील अभ्यासांचा २०११ मध्ये एकत्रित आढावा घेण्यात आला, त्यात सर्वसाधारण स्त्रियांपैकी सुमारे ५ ते ६ टक्के स्त्रियांत अशी काही ना काही वेगळी ठेवण आढळली. त्यांतील अनेकींना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही.

ही घडण जन्मापूर्वीच पूर्ण झालेली असते. गरोदरपणातील आहार, कष्ट, ग्रहण किंवा नजर यांचा तिच्याशी काडीमात्र संबंध नाही. वारंवार गर्भपात झाला किंवा मूल पायाळू जन्मले म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांना हे समजावून सांगण्याचे काम गावातील शिक्षक आणि आशा कार्यकर्ती चांगल्या प्रकारे करू शकतात.

वेगळ्या ठेवणीचा बाळंतपणावर परिणाम होतो तो मुख्यतः जागेमुळे. गर्भाला फिरण्यास पुरेशी जागा न मिळाल्याने त्याचे डोके खाली न येता पाय किंवा कुल्ले खाली राहतात; कधी मूल आडवे राहते. मुदतीपूर्वी प्रसूती होण्याचे आणि मुलाचे वजन कमी भरण्याचे प्रमाणही अशा स्त्रियांत जास्त असते. म्हणूनच त्यांच्यापैकी पुष्कळ जणींचे पहिले बाळंतपण शस्त्रक्रियेने करावे लागते. या स्त्रियांत मूत्रपिंडाचे जन्मजात दोषही अधिक आढळतात. ठेवण वेगळी असल्याचे कळल्यावर मूत्रपिंडांचीही तपासणी करून घेणे इष्ट ठरते, ते यामुळेच.

‘एकदा सिझेरियन, कायम सिझेरियन’ हे वचन कोठून आले?

हे वचन न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रॅगिन यांच्या १९१६ मधील लेखातले आहे. पहिले सिझेरियन सहजासहजी करू नका, कारण त्याचा भार पुढील बाळंतपणांवर पडतो, असा इशारा त्यांना द्यावयाचा होता. या नियमाला अपवाद असतात हे त्यांनी स्वतःच नमूद केले होते. शिवाय त्या काळी गर्भाशयाच्या वरच्या, जाड व सतत आकुंचन पावणाऱ्या भागावर उभा छेद घेत असत. तो व्रण पुढच्या वेळी कळांच्या ताणाने उसवण्याची भीती मोठी असे.

पुढे ग्लासगोचे डॉ. मन्रो कर यांच्या प्रयत्नांनी गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागावर आडवा छेद घेण्याची पद्धत रूढ झाली. आज बहुतेक शस्त्रक्रिया याच पद्धतीने होतात. असा एकच आडवा छेद असलेल्या स्त्रीला कळा येऊ दिल्या, तर व्रण उसवण्याचा धोका दर २०० स्त्रियांमागे सुमारे एकीला असतो. जुन्या पद्धतीच्या उभ्या छेदाच्या बाबतीत हाच धोका १०० मध्ये २ ते ९ इतका सांगितला जातो. त्यामुळे उभा छेद असलेल्या स्त्रीने कळांची वाट न पाहता नियोजित शस्त्रक्रिया करून घ्यावी, असा सल्ला दिला जातो. आडवा छेद असलेल्या, योग्य रीतीने निवडलेल्या १०० स्त्रियांनी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केल्यास त्यांपैकी ६० ते ८० जणींना त्यात यश येते. पूर्वी एखादे बाळंतपण नैसर्गिक रीतीने झालेले असेल, तर यशाची शक्यता आणखी वाढते.

प्रत्येक वेळी शस्त्रक्रियाच करावी, हा मार्गही निर्धोक नाही. शस्त्रक्रियांची संख्या वाढत जाते तसा वार जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढतो. वार गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या स्त्रियांमध्ये दुसऱ्या सिझेरियनच्या वेळी हे प्रमाण सुमारे ११ टक्के, तर तिसऱ्याच्या वेळी सुमारे ४० टक्के आढळले आहे. अशा वेळी प्रचंड रक्तस्राव होतो आणि कित्येकदा गर्भाशय काढून टाकावे लागते. ज्या कुटुंबाला आणखी मुले हवी आहेत, त्याने हे गणित आधीच समजून घेणे अगत्याचे आहे.

वेगळी ठेवण आणि जुना व्रण एकत्र असताना

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे. गर्भाशयाची ठेवण वेगळी आहे आणि त्यावर पूर्वीच्या शस्त्रक्रियेचा व्रणही आहे, अशा स्त्रीला नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करू द्यावा काय? या विषयावरील अभ्यास संख्येने थोडे व आकाराने लहान आहेत, आणि त्यांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत.

कॅनडातील एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वेगळ्या ठेवणीच्या केवळ २५ स्त्रियांनी सिझेरियननंतर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला होता. त्यांपैकी दोघींचे गर्भाशय फाटले, म्हणजे १०० मध्ये ८. सर्वसाधारण ठेवणीच्या १,७८८ स्त्रियांत हे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होते. ज्या दोघींना इजा झाली, त्यांना कळा आणण्यासाठी औषध देण्यात आले होते, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. इस्रायलमधून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात वेगळ्या ठेवणीच्या आणि पूर्वी सिझेरियन झालेल्या १६५ स्त्रियांची माहिती होती. त्यांच्यात गर्भाशय फाटल्याची एकही घटना नव्हती. परंतु नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण त्यांच्यात सुमारे ३८ टक्के होते, तर इतर स्त्रियांत ते सुमारे ५१ टक्के होते. मुलाची स्थिती योग्य नसणे हे शस्त्रक्रियेचे कारण त्यांच्यात अधिक वेळा आढळले.

या दोन अभ्यासांवरून सरसकट ‘होय’ किंवा ‘नाही’ असा निकाल देता येत नाही. मात्र त्यांतून पुढचा मार्ग बऱ्याच अंशी स्पष्ट होतो. मूल डोक्याच्या बाजूने खाली असेल, पूर्वीचा छेद एकच आणि खालचा आडवा असेल, गर्भाशयाच्या ठेवणीचा प्रकार माहीत असेल, कळा आपोआप सुरू झाल्या असतील आणि शस्त्रक्रियागृह जवळच सज्ज असेल, तर तज्ज्ञ डॉक्टर त्या स्त्रीशी चर्चा करून नैसर्गिक प्रसूतीचा विचार करू शकतात. यांपैकी एखादी गोष्ट नसेल, तर नियोजित शस्त्रक्रिया हाच बहुधा सुरक्षित मार्ग ठरतो.

काही प्रकारांत तर प्रयत्नाचा प्रश्नच उद्भवत नाही. अर्धवट वाढलेल्या छोट्या शिंगात गर्भ राहिला, तर ते शिंग मुदतीच्या कितीतरी आधी, बहुधा मधल्या तीन महिन्यांत, फुटण्याचा धोका असतो. पूर्वी सिझेरियन झालेले असो वा नसो, अशा गर्भाचे निदान होताच शस्त्रक्रिया करावी लागते. द्विशृंगी गर्भाशयाचे दोन भाग पूर्वी शस्त्रक्रियेने जोडले असतील, तर गर्भाशयाची पूर्ण भिंत कापून शिवलेली असते. अशा स्त्रियांसाठीही सामान्यतः नियोजित सिझेरियनच सुचविले जाते.

जुना कागद इतका मोलाचा का?

पोटावरच्या कातडीचा व्रण पाहून गर्भाशयावरचा छेद ओळखता येत नाही. कातडीवरचा छेद आडवा असला तरी आत गर्भाशयावर उभा छेद घेतलेला असू शकतो, आणि याच्या उलटही घडू शकते. मूल मुदतीपूर्वी जन्माला आले किंवा आडवे होते, तर गर्भाशयाचा खालचा भाग पुरेसा तयार झालेला नसतो, आणि सर्जनला उभा छेद घेणे भाग पडण्याचा संभव वाढतो. वेगळ्या ठेवणीच्या गर्भाशयात नेमक्या याच दोन गोष्टी अधिक घडतात. ज्या स्त्रीला छेदाची माहिती असणे सर्वांत आवश्यक, तिच्याच बाबतीत अंदाज चुकण्याची भीती सर्वांत जास्त असते.

दुसरी गोष्ट अशी की, सिझेरियनच्या वेळी गर्भाशय डॉक्टरांच्या प्रत्यक्ष डोळ्यांसमोर असते. त्याला दोन शिंगे आहेत की एक, हे तेव्हा दिसते. आत पडदा असल्यास हाताला लागतो. पुढे गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत सोनोग्राफीवर हीच ठेवण ओळखणे अवघड होते. त्या दिवशी पाहिलेले त्याच दिवशी लिहून ठेवले नाही, तर ती माहिती बहुधा कायमची हरवते. म्हणून रुग्णालयातून घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर चार गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात : शस्त्रक्रिया कोणत्या कारणाने केली, गर्भाशयावर कोणता छेद घेतला, गर्भाशयाची ठेवण कशी दिसली, आणि पुढील बाळंतपणाबाबत डॉक्टरांचा सल्ला काय आहे. हा तपशील मागून घेणे हा त्या स्त्रीचा अधिकार आहे, आणि तो वाचता येईल अशा अक्षरात देणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे.

आपल्याकडील एका रूढीमुळे या कागदाची हेळसांड होते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा अनेक घरांत आहे. शस्त्रक्रिया माहेरच्या तालुक्यात होते, कागद आईच्या पेटीत राहतो, आणि दुसऱ्या खेपेस सासरच्या दवाखान्यात ‘मागच्या वेळी सिझर झाले होते’ यापलीकडे कोणी काही सांगू शकत नाही. ऊसतोडणीसाठी दरवर्षी बीड व शेजारच्या जिल्ह्यांतून कारखान्यांच्या परिसरात जाणाऱ्या कुटुंबांची अवस्था याहून बिकट असते. गरोदरपण गावी सुरू होते, आठवा-नववा महिना तळावरच्या कोपीत उगवतो, आणि जवळच्या डॉक्टरांना तिच्याविषयी काहीच माहीत नसते. माता व बाल संरक्षण कार्डाबरोबर जुन्या शस्त्रक्रियेच्या कागदाची प्रत जोडून ती स्त्रीच्या हाती ठेवली, तर ही अडचण पुष्कळ अंशी दूर होऊ शकते.

बाळंतपणाची जागा आणि वेळ

पूर्वी सिझेरियन झालेल्या स्त्रीचे बाळंतपण घरी, उपकेंद्रात किंवा शस्त्रक्रियेची सोय नसलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ नये. तिच्यासाठी रात्रंदिवस शस्त्रक्रिया करू शकणारे डॉक्टर, भूलतज्ज्ञ, रक्ताचा साठा आणि नवजात बालकाची काळजी घेण्याची सोय असलेले रुग्णालय हवे. शासकीय यंत्रणेत अशा रुग्णालयाला प्रथम संदर्भ सेवा केंद्र म्हणतात. आपल्या गावाला जवळचे असे केंद्र कोणते, तेथे भूलतज्ज्ञ रात्री उपलब्ध असतो की नाही, ही चौकशी कळा सुरू झाल्यावर करून उपयोग नाही. ती सातव्या महिन्यापूर्वीच व्हावयास हवी.

व्रण उसवू लागल्याची चिन्हे घरातील माणसांनाही ठाऊक असावीत. दोन कळांच्या मधल्या वेळेतही पोटात सतत वेदना राहणे, अंगावरून रक्त जाणे, जोरात येणाऱ्या कळा एकाएकी थांबणे, मुलाची हालचाल मंदावणे, स्त्रीला घेरी येणे किंवा तिचे अंग गार पडणे, यांपैकी काहीही दिसताच क्षणाचाही विलंब करू नये. रुग्णालयात मुलाच्या हृदयाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवले जाते, कारण पुष्कळदा धोक्याची पहिली सूचना त्या ठोक्यांतूनच मिळते.

कळा लवकर याव्यात म्हणून गावात इंजेक्शन टोचून घेण्याचा किंवा गोळी घेण्याचा प्रकार अत्यंत घातक आहे. जुना व्रण असलेल्या गर्भाशयावर अशा औषधाचा ताण किती पडेल, याचा अंदाज रुग्णालयाबाहेर कोणालाही करता येत नाही. आणि ठेवण वेगळी असेल तर ही भीती अधिकच वाढते. दोन बाळंतपणांतील अंतरही महत्त्वाचे आहे. सिझेरियननंतर दीड वर्षाच्या आत पुन्हा बाळंतपण आले, तर व्रण उसवण्याचा धोका वाढतो. प्रसूतीनंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान दोन वर्षे जाऊ द्यावीत, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला पतिपत्नी दोघांनीही मनावर घ्यावा असा आहे.

गावाने काय करावे?

शासनाने यासाठी काही सोयी उपलब्ध करून दिल्या आहेत. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयातील प्रसूती, सिझेरियनसुद्धा, विनामूल्य आहे. औषधे, रक्त, आहार आणि जाण्यायेण्याचे वाहन यांचाही त्यात समावेश आहे. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची तपासणी केली जाते. पूर्वी सिझेरियन झालेल्या स्त्रीने जुना कागद घेऊन गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतच रुग्णालयात तपासणीस जावे. त्या काळात सोनोग्राफीवर गर्भाशयाची ठेवण आणि गर्भाची जागा अधिक चांगली दिसते.

या सोयींचा लाभ प्रत्यक्ष त्या स्त्रीपर्यंत पोहोचविण्याचे काम मात्र गावालाच करावे लागेल. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीने आशा कार्यकर्तीच्या मदतीने पूर्वी सिझेरियन झालेल्या गरोदर स्त्रियांकडे विशेष लक्ष पुरवावे. त्यांचे कागद हाताशी आहेत काय आणि बाळंतपणाचे रुग्णालय ठरले आहे काय, हे दर महिन्याला पाहावे. हे करताना त्या स्त्रीची खाजगी माहिती चव्हाट्यावर येणार नाही, याची दक्षता घ्यावी. पावसाळ्यात रस्ता तुटणाऱ्या वाड्यावस्त्यांवरील स्त्रीला मुदतीच्या काही दिवस आधीच रुग्णालयाजवळ आणून ठेवण्याची व्यवस्था पंचायतीने करावी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका येईपर्यंत वेळ जाणार असेल, तर गावातील कोणते वाहन मिळू शकेल हे आधीच ठरवून ठेवावे.

शिक्षकांचा शब्द आजही घराघरांत मानला जातो. पालकसभेत किंवा महिला मेळाव्यात त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या तरी पुष्कळ काम होईल : शस्त्रक्रियेचा कागद जमिनीच्या सातबाऱ्याइतक्याच काळजीने जपावा, आणि गर्भाशयाची ठेवण हा स्त्रीचा अपराध नव्हे. अधिकाऱ्यांनी आपल्या अखत्यारीतील रुग्णालयांमधून मिळणारे कागद वरचेवर पडताळून पाहावेत. ‘सिझेरियन केले’ एवढेच लिहिलेल्या कागदाचा पुढच्या डॉक्टरला काहीच उपयोग होत नाही.

शेवटी निर्णय करावयाचा आहे तो त्या स्त्रीने, तिच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने. नैसर्गिक बाळंतपण झाले म्हणजे जिंकलो आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली म्हणजे हरलो, अशी भावना तिच्या मनात निर्माण होऊ देणे योग्य नव्हे. काही स्त्रियांसाठी एक मार्ग हिताचा असतो, तर काहींसाठी दुसरा. आपल्या शरीराची ठेवण कशी आहे, मागच्या वेळी काय केले गेले आणि या खेपेस कोठे जावयाचे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे तिच्या हातातील कागदावर असतील, तर तिचा निर्णय ऐकीव गोष्टींवर राहणार नाही, माहितीवर उभा राहील. आपल्या गावातील अशा प्रत्येक स्त्रीच्या हाती तो कागद आहे की नाही, याची चौकशी पुढील ९ तारखेच्या आत करता आली, तर अनेक माता व बालकांवरील मोठे संकट टळेल.